ग्रहांचे भाकीत आणि चक्कीवाल्याची कट्यार

फिरदौसीच्या 'शाहनामा'चा (इ. स. १०१०) अखेरचा भाग म्हणजे सासानी घराण्याच्या अस्ताची कथा. तिचा अर्थ लावताना सेनापती रुस्तमच्या पत्राकडे बोट दाखवण्याची रीत आहे. कादिसियाच्या लढाईपूर्वी भावाला लिहिलेल्या या पत्रात रुस्तम ग्रहगती पाहून सिंहासनाची जागा मिंबर घेणार असे सांगतो. त्यावरून हा सारा भाग नियतीची शोकात्मिका ठरवला जातो. हे वाचन संहितेच्या निम्म्यावर थांबते.

मुळात या भाकिताचा निवेदक कोण? पत्रातील चारशे वर्षांची मुदत जवळजवळ फिरदौसीच्याच काळाला येऊन भिडते. म्हणजे मुख रुस्तमचे, परंतु दृष्टी पराभवाचा वारसा लाभलेल्या कवीची. भविष्यकथन हे येथे मागे वळून पाहण्याचेच एक रूप आहे. त्याच्या प्रभावाखाली बायझंटाइन साम्राज्याशी झालेले ६०२ ते ६२८ चे थकवणारे युद्ध, दुसऱ्या खुस्रोची पदच्युती व हत्या आणि पाठोपाठ चारच वर्षांत गादीवर येऊन गेलेले राजे-राण्या ही कारणपरंपरा वाचकाच्या नजरेआड होते. दोष कवीचा कमी, वाचनाचा अधिक.

मर्वच्या चक्कीतील प्रसंग मात्र वेगळ्याच तर्काने रचलेला आहे. पळून आलेला तिसरा यझ्दगर्द चक्कीत दडतो. पुढे अन्न येते; पण भोजनापूर्वीच्या प्रार्थनेसाठी त्याला बरसम, म्हणजे विधीच्या काड्यांची जुडी, हवी असते. चक्कीवाला ती आणायला जातो आणि त्यामुळेच राजाचा ठावठिकाणा सुभेदार माहुयीला कळतो. माहुयीच्या धाकाने तोच चक्कीवाला रडत रडत राजाच्या पोटात कट्यार खुपसतो. या दरिद्री माणसाचे नाव कवी खुस्रो असे देतो! घराण्याच्या उदयकथेत अर्दवानापासून निसटणाऱ्या अर्दशीरच्या मागे राजतेज मेंढ्याच्या रूपाने धावत येऊन त्याला गाठते. २२४ मध्ये सत्ता त्याच्या हाती येते. ६५१ मध्ये असा कोणताही दैवी संकेत नाही. उरतो तो केवळ विधी, आणि तोच राजाला उघडा पाडतो.

तबरीने या मृत्यूच्या अनेक हकिकती शेजारी शेजारी नोंदवल्या आहेत. फिरदौसी एकच सांगतो, आणि त्या एकीत विश्वासघात केंद्रस्थानी आहे. येथे काव्य इतिहासाच्या जवळ जाते. पार्थियन वंशाच्या बड्या घराण्यांनी राजाशी असलेला करार मोडला म्हणून साम्राज्य ढासळले, असा सिद्धान्त परवाने पूरशरीयती यांनी २००८ मध्ये मांडला. क्रिस्टन्सेनच्या १९३६ च्या ग्रंथातील केंद्रसत्ताक साम्राज्याच्या चित्राला त्याने छेद दिला. त्यातील प्रत्येक तपशील मान्य करण्याचे कारण नाही. परंतु राजाला कोणी सोडले हा प्रश्न ग्रहांच्या हिशेबात बसत नाही, आणि चक्कीच्या प्रसंगात तोच विचारला गेला आहे.

शिवाय यझ्दगर्दच्या मृत्यूने काव्य थांबत नाही. माहुयी पकडला जातो, त्याचे हातपाय तोडले जातात. सारे ग्रहांनीच ठरवले असते, तर या शिक्षेचे कथन अनावश्यक होते. फिरदौसी ते करतो आणि मगच लेखणी खाली ठेवतो.