'वैमानिकाची चूक' या शब्दांत काय राहून जाते?

विमान अपघाताची बातमी आली की थोड्याच दिवसांत 'वैमानिकाची चूक' हे शब्द कानावर येतात. अपघात टळला, तर त्यांच्या जागी 'वैमानिकाचे प्रसंगावधान' येते. दोन्हीमागचा समज एकच असतो, की जे घडले ते एका माणसाच्या डोक्यात घडले. ही मांडणी आम्हांला अपुरी वाटते. विज्ञानशिक्षकांनी तरी ती तशीच वर्गात नेऊ नये.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या हवाई क्षेत्रात एअर इंडियाचे मुंबई-भोपाळ विमान आणि त्या वेळच्या विस्तारा कंपनीचे दिल्ली-पुणे विमान एकमेकांच्या धोकादायक इतके जवळ आले. दोन्ही विमानांत इशारा वाजला, टक्कर टळली. वर्तमानपत्रांनी वैमानिक महिलेचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण इशारा नेमका काय होता आणि तो पाळणे का महत्त्वाचे, हे बहुतेक वाचकांपर्यंत पोहोचले नाही.

या यंत्रणेला थोडक्यात 'टीकॅस' म्हणतात. ती आसपासच्या विमानांना रेडिओ लहरींनी प्रश्न विचारते. त्या विमानांतील ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो व आपली उंचीही कळवतो. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते, अंतर किती वेगाने घटते आहे त्यावरून टक्करीला किती सेकंद उरले ते कळते. आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा सावधगिरीचा आवाज येतो. धोका वाढला तर 'क्लाइंब' किंवा 'डिसेंड', म्हणजे वर जा किंवा खाली जा, असा आदेश येतो. समोरच्या विमानाची दिशा यंत्रणेला पुरेशी अचूक कळत नाही, म्हणून डावी-उजवी अशी आज्ञा ती देत नाही. दोन्ही विमानांतील यंत्रणा आपसांत ठरवून घेतात, की एकाने वर जायचे तर दुसऱ्याने खाली.

आता फळ्यावर एक गणित मांडू. ताशी ८०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर येत आहेत. सापेक्ष वेग ताशी १६०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४४ मीटर. अधिक उंचीवर आदेश टक्करीच्या सुमारे ३५ सेकंद आधी येतो. तेव्हा विमानांत सुमारे साडेपंधरा किलोमीटर अंतर असते. वैमानिकाने ५ सेकंदांत हालचाल सुरू करावी अशी अपेक्षा असते. उरलेल्या ३० सेकंदांत मिनिटाला १५०० फूट, म्हणजे सेकंदाला २५ फूट या गतीने विमान ७५० फूट सरकते. दोघांनी आज्ञा पाळली तर अंतर १५०० फूट. एकाने पाळली व दुसरा सरळ गेला, तर ७५० फूट. पण एकाने पाळली आणि दुसरा उलट वागला, तर दोघे एकाच दिशेने जातात आणि अंतर शून्य राहते!

हे केवळ फळ्यावरचे गणित नाही. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये दोन विमानांना परस्परविरुद्ध आज्ञा मिळाल्या. एकाने यंत्राचे ऐकले. दुसऱ्याला यंत्र 'वर जा' म्हणत असताना त्याने जमिनीवरील नियंत्रकाचे ऐकले व तेही खाली आले. ६७७ जण थोडक्यात बचावले. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनवर तेच घडले आणि ७१ जण मेले. रशियन विमानाच्या वैमानिकांनी नियंत्रकाची 'खाली या' ही सूचना पाळली. मग चूक वैमानिकांची का? नियंत्रण कक्षात त्या वेळी एकच नियंत्रक काम करत होता, तिथल्या मुख्य दूरध्वनी वाहिन्या दुरुस्तीसाठी बंद होत्या, आणि यंत्र व नियंत्रक यांत मतभेद झाला तर कोणाचे ऐकायचे, हे नियमांत निःसंदिग्ध नव्हते. यंत्राचाच आदेश पाळावा, हे आंतरराष्ट्रीय नियमांत २००३ साली स्पष्ट झाले.

आपल्या देशातील चरखी दादरीची टक्कर १२ नोव्हेंबर १९९६ ची. ३४९ जण मेले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले, हे खरे. पण दिल्लीच्या तेव्हाच्या रडारला विमानांची उंची दिसत नव्हती, आणि येणारी-जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून जात होती, हेही तितकेच खरे. त्यानंतर भारतात ही यंत्रणा प्रवासी विमानांना सक्तीची झाली.

मराठवाड्यातील वाचकांना आणखी एक तारीख आठवेल, २६ एप्रिल १९९३. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा ठपका आला, आणि त्याबरोबरच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचाही. लोकांच्या तोंडी बहुधा पहिलाच भाग राहतो. टीकॅस असती तरी इथे उपयोग नव्हता. ट्रकला ट्रान्सपॉन्डर नसतो, आणि जमिनीपासून सुमारे १००० फुटांच्या खाली ही यंत्रणा वर-खालीचा आदेशच देत नाही. इथे हवा होता तो रस्त्यावरचा साधा अडसर.

एक शंका विद्यार्थी नक्की काढतील. 'प्रत्येक गोष्ट तपासून पाहा' असे शिकवणारे आपण, 'यंत्र सांगेल ते निमूट करा' असे कसे म्हणतो? याचे उत्तर असे, की पाच सेकंदांत तपासणी होत नाही. ती आधी आणि नंतर करायची असते. युबरलिंगेननंतर तज्ज्ञांनी यंत्रणेलाच प्रश्न विचारले, आणि दुसरे विमान उलट वागत असेल तर वेळीच आज्ञा फिरवणारी सुधारणा तिच्यात झाली. चूक एकट्या वैमानिकाची मानून फाइल बंद केली असती, तर ही सुधारणा सुचलीच नसती.

म्हणून यापुढे अशी बातमी वर्गात वाचताना 'कोणी चूक केली?' याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: त्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होते? कोणता नियम अस्पष्ट होता? आणि कोणती गोष्ट यंत्राला दिसणेच शक्य नव्हते? उत्तरे शोधताना सापेक्ष वेगाचे प्रकरण आपोआप शिकवून होईल.