एका वाक्यावरील आघात

सत्तरच्या दशकातील अमेरिकन चित्रपटांचा अभ्यास बहुधा संदर्भापासून सुरू होतो. व्हिएतनाम, वॉटरगेट, खिळखिळी झालेली स्टुडिओ-व्यवस्था ही नावे घेतली की चित्रपट कळला, असे अभ्यासकाला वाटू लागते. संदर्भ खोटा नसतो. पण तो हाती आल्यावर चित्रपट पाहण्याची, विशेषतः ऐकण्याची, निकड उरत नाही. वास्तविक या दशकातील काही चित्रपट प्रेक्षकाच्या कानालाच नवे वळण लावू पाहतात. ऑल्टमनच्या 'नॅशव्हिल'मधील (१९७५) एकावर एक चढणारे संवाद हा त्याचा परिचित प्रकार. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) याहून अवघड. निक्सनच्या राजीनाम्याच्या काही महिने आधी प्रदर्शित झाल्याने त्याची वॉटरगेटशी आपोआप सांगड घातली गेली. त्याची कल्पना मात्र साठच्या दशकातील आहे.

हॅरी कॉल (जीन हॅकमन) हा दुसऱ्यांची संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित करणारा तज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये फेऱ्या मारणाऱ्या एका जोडप्याचे बोलणे त्याने निरनिराळ्या ध्वनिफितींतून जुळवून आणले आहे. संधी मिळाली तर तो आपल्याला मारील, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात आहे. आघात 'मारील'वर पडतो, आणि जोडप्याच्या जिवावर कोणी उठले आहे असे हॅरीबरोबर आपणही धरून चालतो. अखेरीस वाक्य पुन्हा येते तेव्हा आघात 'आपल्याला'वर सरकलेला असतो. बळी आणि मारेकरी यांची अदलाबदल होते.

ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्चने येथे त्याच वाक्याचे दुसरे उच्चारण वापरले आहे. ही प्रेक्षकाची फसवणूक नव्हे काय? मला तसे वाटत नाही. हॅरीच्या पूर्वीच्या एका कामगिरीतून तीन खून घडलेले आहेत. तो पापभीरू कॅथलिक आहे. अशा माणसाला 'मारील' हाच शब्द मोठ्याने ऐकू येणार. ध्वनिफीत म्हणजे यंत्राने दिलेली तटस्थ साक्ष, हे गृहीत आपले होते. कादंबरीच्या चर्चेत निवेदकाच्या विश्वसनीयतेचा जो प्रश्न आपण विचारतो, तो येथे कानासंबंधी विचारावा लागतो.

मराठी भाषकाला हे अधिक नेमके उमगावे. इंग्रजीत केवळ आवाजावर तोललेला हा भेद मराठीत 'च'वर येतो. 'तो आपल्याला मारीलच' आणि 'तो आपल्यालाच मारील' ही वाक्ये कागदावरही वेगळी दिसतात. पहिल्याच वेळी 'च'ची जागा ठरविणारा भाषांतरकार एक तर हॅरीची चूक पक्की करील, नाही तर रहस्य फोडील. पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचणाऱ्याची अडचण नेमकी उलट. त्याला दोन्ही वेळा तेच वाक्य दिसते, आणि चित्रपट 'संदिग्ध' ठरतो. खून कोणी केला यात संदिग्ध काहीच नाही. संदिग्धता आहे ती त्यानंतरची. आपल्याच घरात कोणी ऐकत आहे हे कळल्यावर हॅरी भिंती, जमीन, मेरीची मूर्तीसुद्धा फोडतो. यंत्र सापडत नाही. तो सॅक्सोफोन वाजवीत बसतो, आणि कॅमेरा पाळतीच्या कॅमेऱ्यासारखा त्याच्यावरून एकीकडून दुसरीकडे फिरत राहतो.