प्रौढ विद्यार्थी आणि परकी भाषा : स्वीडनच्या भाषावर्गांची चिकित्सा

मित्रहो, आज आपण ज्या व्यवस्थेची चिकित्सा करणार आहोत, तिचं नाव 'स्वेन्स्का फ्यॉर इन्वान्द्रारे', म्हणजे स्थलांतरितांसाठी स्वीडिश. तिकडे तिला नुसतं एसएफआय म्हणतात. देशात राहायला आलेल्या प्रौढ माणसाला सरकारी खर्चाने तिथली भाषा शिकवायची, ही सोय स्वीडनने १९६५ साली सुरू केली. साठ वर्षं एखादा देश एकच काम चिकाटीने करत राहतो, याबद्दल आम्हाला आदर आहे. पण नुसता आदर व्यक्त करायला व्याख्यान लागत नाही, तेव्हा सरळ आक्षेपांकडे येऊ.

आक्षेप समजायचा तर थोडा इतिहास हवा. हे वर्ग आरंभी सरकारी शाळांनी नव्हे, तर अभ्याससंघटनांनी चालवले. स्वीडनमध्ये लोकशिक्षणाची, त्यांच्या शब्दात 'फोल्कबिल्डनिंग'ची, परंपरा जुनी आहे. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी तिथल्या पहिल्या लोकशाळा १८६८ सालच्या. १९०२ मध्ये ऑस्कर ऑल्सन यांनी लुंडमध्ये अभ्यासमंडळाची पद्धत सुरू केली, आणि १९१२ मध्ये कामगार चळवळीची एबीएफ ही संघटना उभी राहिली. अभ्यासमंडळ म्हणजे काय, तर बरोबरीची आठ-दहा माणसं एक पुस्तक घेऊन बसतात आणि बोलतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. म्हणजे बघा, परक्याला भाषा शिकवण्याचं काम प्रथम ज्यांच्या हाती आलं, त्यांच्या लेखी शिकणारा हा आधीपासूनच पूर्ण माणूस होता.

१९७३ पासून लागू झालेला कायदा त्याच वृत्तीचा. परदेशातून आलेल्या कामगाराला भाषा शिकण्यासाठी २४० तासांपर्यंत सुट्टी, आणि तीही पगारी. भाषा शिकणं हे कामाच्या वेळेतलं काम आहे, असं कायद्याने म्हटलं. आता खर्च मालकावर टाकला की मालक नवख्याला टाळायला बघणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. तो दोष आम्ही मान्य करतो. तरी त्या कायद्यात एक समज होती, ती पुढे हरवली.

पुढे १९८६ मध्ये वर्ग नगरपालिकांकडे गेले. २०१६ पासून एसएफआय हे नगरपालिकांच्या प्रौढशिक्षणाचा, म्हणजे कोमवुक्सचा, भाग आहे. आज तीन अभ्यासमार्ग आहेत आणि अ, ब, क, ड अशा चार पायऱ्या. जो कधी शाळेत गेलेला नाही तो पहिल्या मार्गाने अ पासून सुरू करतो. पदवी घेऊन आलेला तिसऱ्या मार्गाने थेट क वर येतो. आठवड्याला सरासरी किमान पंधरा तास शिकवायचं, असा नियम. कागदावर हे सगळं नीटनेटकं आहे. कित्येक नगरपालिका हे काम निविदा काढून खासगी संस्थांनाही देतात. आता सांगा, पायऱ्या मोजता येतात, तास मोजता येतात, निविदेत किंमत लिहिता येते; संभाषण कुठल्या रकान्यात लिहिणार?

इथे आम्हाला विट्गेन्स्टाइन आठवतो. (व्याख्यान आमचं आहे म्हटल्यावर तो येणारच.) 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'ची सुरुवात संत ऑगस्टीनने केलेल्या वर्णनाने होते : लहानपणी आपण भाषा कशी शिकलो. विट्गेन्स्टाइनचं त्यावर म्हणणं असं की, ऑगस्टीन मुलाचं वर्णन परदेशात आलेल्या माणसासारखं करतो. जणू मुलाला एक भाषा येतेच आहे, फक्त ही येत नाही. एसएफआयच्या वर्गात याच्या नेमकं उलट घडतं असा आमचा आक्षेप आहे. जो खरोखरच परदेशात आलेला आहे, ज्याला एक भाषा, कधी तीन-तीन भाषा येतात, त्याला मूल समजून शिकवलं जातं. हे सफरचंद, हा बस थांबा, माझं नाव अमुक. दमास्कसमध्ये वीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेल्या माणसाची कल्पना करा. त्याला सफरचंद ठाऊक नाही असं नाही. औषधाचा डोस समजावून सांगता येईल एवढं स्वीडिश त्याला हवं आहे, आणि ते मिळण्याआधी त्याला कित्येक महिने फळांच्या टोपलीतून जावं लागतं. स्टॉकहोम परिसरात ट्रकचालकांसाठी, अभियंत्यांसाठी व्यवसायाला जोडलेले वेगळे वर्ग निघाले. आमच्या मते या साठ वर्षांतली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

उलट टोकाचं उदाहरण बक्षिसाचं. २०१० ते २०१४ या काळात, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला बारा हजार क्रोनरपर्यंत रक्कम मिळे. यामागचं गृहीतक काय, तर माणूस शिकत नाही याचं कारण आळस. घरी दोन मुलं, रात्री साफसफाईची नोकरी आणि सकाळी वर्ग, अशा बाईला बारा हजारांनी वेळ कुठून मिळणार? योजना बंद झाली ते बरंच झालं. पण गृहीतक बंद झालंय असं आम्हाला दिसत नाही. 'आधी भाषा, मग काम' हे वाक्य तिथे अजूनही किल्लीसारखं फिरवलं जातं. भाषा ही किल्ली असती तर कुलुपाबाहेर उभं राहून मिळवता आली असती. ती घरात शिरल्यावरच येते, मित्रहो. वर्गात पंधरा तास स्वीडिश आणि उरलेल्या आठवड्यात बोलायला एकही स्वीडिश माणूस नाही, तर पंधराचे वीस तास करून काय साधणार?

आपल्याकडच्या लोकांचा अनुभव थोडा वेगळा, तो ओझरता सांगतो. पुण्याहून गोथेनबर्गला गेलेल्या अभियंत्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. एसएफआयला अनेकदा जाते ती त्याची बायको, स्वतःही शिकलेली. तिला व्याकरण जड जात नाही. क्रियापद शेवटी नाही, दुसऱ्या जागी, लिंगं तीन नव्हेत, दोन, जमतं. अडतं ते 'दू'पाशी. स्वीडनने १९६०-७०च्या दशकांत आदरार्थी संबोधनं टाकून दिली आणि सगळे सगळ्यांना 'तू' म्हणू लागले. साठीच्या शिक्षिकेला 'तू' म्हणताना मराठी जीभ अडखळते. हा शब्दसंग्रहाचा प्रश्न नाही, माणसामाणसातल्या अंतराचा आहे, आणि वर्गात त्यावर तासभर गप्पा व्हायला हव्यात. पायऱ्यांच्या तक्त्यात त्याला जागा नाही.

शेवटचा मुद्दा. १९७६ मध्ये स्वीडनने नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत दिलं. वास्तव्याची अट होती, भाषेची नव्हती. अलीकडे तिथलं राजकारण नागरिकत्वासाठी भाषाचाचणी ठेवण्याकडे वळलं आहे. देशाने आपली भाषा यावी अशी अपेक्षा करणं गैर नाही. पण चाचणी आली की वर्गाचा क्लास होतो. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे जास्त फोड करून सांगायला नको. पदवीधर चाचणी पार करेल. जी बाई पन्नाशीत पहिल्यांदा पेन्सिल धरते आहे, पायरी अ वर, ती मात्र भाजी घेताना, शेजारणीशी, नातवाच्या शिक्षिकेशी स्वीडिश बोलू लागली तरी कागदावर नापासच राहील. तिच्या बोलण्याला स्वीडिश म्हणायचं की नाही, हे चाचणी तयार करणाऱ्यांनी आधी सांगावं.

आता प्रश्न घेऊ. तिसऱ्या रांगेतला हात आम्हाला मघापासून दिसतोय.