शेजारच्या पेशीशी बोलणं बंद, म्हणून कर्करोग?

पेटची तयारी करताना आपण एक वाक्य पाठ करतो : कर्कपेशी शेजाऱ्यांशी बोलणं बंद करतात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. गाइडनी एवढंच विचारलं, "कोणत्या कर्करोगात?" उत्तर येईना. म्हणून मूळ पेपर काढून वाचला.

पेपर १९६६ चा, 'नेचर'मधला. लेखक लोवेनस्टाइन आणि कान्नो. शेजारच्या पेशींना थेट जोडणारे सूक्ष्म मार्ग म्हणजे गॅप जंक्शन. दोन्ही बाजूंच्या सहा-सहा कनेक्सिन प्रथिनांची मिळून एक नळी होते. तिच्यातून आयन आणि साधारण १००० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. या दोघांनी एका पेशीत वीजप्रवाह सोडला आणि तो शेजारी पोहोचतो का ते मोजलं. रॅटच्या निरोगी यकृतात पोहोचला, यकृताच्या गाठींत नाही.

प्रयोग नेटका आहे. पण तपासल्या यकृताच्या गाठी आणि शीर्षकात सरसकट 'कर्कपेशी'! माझा आक्षेप इथे आहे. १९७० मध्येच शेरिडन यांनी दाखवलं, की बऱ्याच घन गाठींत पेशी जोडलेल्या असतात.

मग कल्पनाच खोटी का? तसंही नाही. कनेक्सिन ३२ नसलेल्या उंदरांना यकृताच्या गाठी जास्त होतात, हे १९९७ मध्ये दिसलं. पण २०१६ च्या 'नेचर'मध्ये उलटं चित्र आहे. मेंदूत पसरलेल्या स्तन आणि फुप्फुसाच्या कर्कपेशी कनेक्सिन ४३ च्या नळ्यांतून अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींना सीजीएएमपी हा रेणू देतात आणि त्यातून स्वतःचीच वाढ साधतात. अशा ठिकाणी 'संवाद वाढवा' हा उपाय रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

आपल्या यावल-रावेरच्या केळीत पाहा. वनस्पतीच्या पेशींमधले मार्ग वेगळ्या रचनेचे, पण काम तेच. त्यातून झाडाचं पोषण फिरतं, आणि सीएमव्हीचा विषाणूही त्याच वाटेनं पसरतो. वाट चांगली की वाईट, हे त्या वाटेनं कोण जातंय यावर ठरतं.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये लिहाच : कोणती गाठ, कोणती अवस्था, कोणतं कनेक्सिन, आणि कोणाचं कोणाशी बोलणं. तेवढं लिहिलं, की गाइडच्या प्रश्नाला उत्तर तयार असतं.