सनद सम्राटाची, शुल्क तुमचे

गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा गावाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते, अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. आपले आद्य गुरू पारी कुपार लिंगो यांच्याशी ते या जागेचे नाते सांगतात. या परंपरेकडे कोणी लेखी दाखला मागत नाही, आणि मागण्याचे कारणही नाही. ती कोणाला पदवी विकत नाही.

एखादी संस्था मात्र ‘आमची स्थापना अमुक सम्राटाने केली’ असे कागदाच्या माथ्यावर छापते आणि त्याच कागदावर शिक्षकाला मानद डॉक्टरेट देऊ करते, तेव्हा दाखला मागितलाच पाहिजे. या पत्रांचा साचा ठरलेला असतो. सुरुवातीला आपल्या शैक्षणिक कार्याचा गौरव, मध्ये सिंहाची मुद्रा आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत नोंदणी शुल्क. मग गावात अभिनंदनाचा फलक लागतो.

सम्राटाचे नाव घेण्याची युक्ती जुनी आहे, आणि ती थोरामोठ्यांनीही वापरली आहे. इटलीतील बोलोन्या विद्यापीठ रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस याची इ.स. 423 ची सनद दाखवीत असे. ती 13 व्या शतकात तयार केलेली बनावट सनद होती. पुढे आठशेवा वर्धापनदिन करायचा म्हणून कवी कार्दुच्ची यांच्या समितीने 1088 हे साल ठरवले आणि 1888 मध्ये सोहळा झाला. साल ठरवले, सापडले नव्हे! ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 14 व्या शतकात मालमत्तेच्या एका खटल्यात राजाकडे अर्ज केला, की आमचा संस्थापक राजा आल्फ्रेड. आल्फ्रेड 899 मध्ये वारला होता. कॉलेज उभे राहिले ते 1249 मध्ये वारलेल्या विल्यम ऑफ डरहॅमने ठेवलेल्या पैशावर. तरीही 1872 मध्ये कॉलेजने स्थापनेची हजार वर्षे मेजवानीने साजरी केली. आपल्याकडे वतनाच्या भांडणात खोटे कागद पुढे करणाऱ्यांची आठवण यावी असाच हा प्रकार.

पण बोलोन्याची सनद खोटी ठरली तरी विद्यापीठ उरलेच, कारण तिथे कायदा खरोखर शिकवला जात होता. पत्र पाठवणाऱ्या संस्थेचा सम्राट काढून घेतला तर काय उरते? ग्रंथालय, प्रयोगशाळा, विद्यार्थी, परीक्षा, यांतले काही आहे का? की फक्त सभागृहाचे भाडे आणि काळा झगा?

नाव जुने असण्याला हरकत नाही. ‘गोंडवाना’ हे नाव भूशास्त्रज्ञांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खंडाला दिले आहे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ मात्र आपली स्थापना 2011 ची सांगते.

मानद पदवी ही गोष्टही मुळात टाकाऊ नाही, जरी तिच्या आरंभी थोडा स्वार्थ आहे. ऑक्सफर्डने 1478 च्या सुमारास ती लायोनेल वुडव्हिलला दिली, आणि तो राजाचा मेहुणा होता! पण कोलंबिया विद्यापीठाने 1952 मध्ये आणि उस्मानिया विद्यापीठाने 1953 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना मानद पदव्या दिल्या, तेव्हा मान विद्यापीठांचाच वाढला. बाबासाहेबांच्या नावाआधीचे ‘डॉ.’ त्या पदव्यांमुळे आलेले नाही. लंडनची डी.एस्सी. (1923) आणि कोलंबियाची पीएच.डी. (1927) त्यांनी प्रबंध लिहून मिळवली होती. मानद पदवी घेणाऱ्याने नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असा संकेत आहे. आपल्याकडे तो पाळणारे थोडे.

कायद्याची बाजू सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याचे कलम 22 सांगते, की संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनीच पदवी द्यावी. कलम 23 इतरांना ‘विद्यापीठ’ हा शब्द नावात वापरू देत नाही. म्हणून पत्र आले की शिक्षकाने एवढेच विचारावे : कोणत्या कायद्याने, कोणत्या साली? नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी असणे हे याचे उत्तर नव्हे.

या कायद्यात दंड ठेवला गेला तो एक हजार रुपयांपर्यंत. तेवढ्याने कोण घाबरणार? आयोग अनधिकृत संस्थांची यादी प्रसिद्ध करतो. ऑगस्ट 2023 च्या यादीत 20 नावे होती, त्यांतली आठ दिल्लीतली. महाराष्ट्रातले एकच होते, नागपूरचे, ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’. अशी यादी शाळेच्या सूचनाफलकावर लावायला पैसे पडत नाहीत.