काचेचं घर आणि केराची टोपली

जुना वाडा पाहणं सोपं असतं. सोबतचा माणूस सांगतो, इथे सरकार बसत, तिथे घोडे बांधत, आणि हे भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं. ते भुयार नेमकं पाच पावलांवर बुजलेलं असतं. पण आपण मान डोलावतो. १९५० च्या सुमाराचं आधुनिक घर पाहायला गेलात, की पंचाईत होते. भुयार नाही, कोनाडा नाही, भूत नाही. आणि अमेरिकेतल्या त्या सुप्रसिद्ध फार्न्सवर्थ हाउसमध्ये तर, मंडळी, भिंतसुद्धा नाही!

शिकागोपासून नव्वदेक किलोमीटरवर, प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी हे घर आहे. मीस व्हान डेर रोह या जगद्विख्यात वास्तुशिल्पकारानं ते शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ या बाईंसाठी बांधलं. १९५१ साली ते पुरं झालं. पोलादाचे आठ पांढरे खांब, सपाट छप्पर, जमिनीपासून पाच फूट उचललेला तळ आणि चारी बाजूंनी काच. आत एकच खोली. झाडीतून चालत गेलं आणि ते एकदम समोर आलं, की बोलणं आपोआप थांबतं. घर जमिनीवर उभं आहे असं वाटतच नाही. कुणी तरी क्षणभर गवतावर अलगद धरलंय असं वाटतं. याबद्दल मीससाहेबांना शंभर गुण. इथे वाद नाही.

वाद पुढे आहे. बाई एकट्या राहणाऱ्या. शनिवार-रविवार निवांतपणा मिळावा म्हणून त्यांनी हे घर बांधून घेतलं. आता चारी बाजूंनी काच असलेल्या घरात निवांतपणा म्हणजे चौकात बसून जप करण्यापैकीच. एका मासिकाला १९५३ साली त्यांनी सांगितलं, की सिंकखाली केराची टोपली ठेवायची सोय नाही, कारण स्वयंपाकघर थेट रस्त्यावरून दिसतं! कपड्यांचं एक हँगर अडकवायचं तर बाहेरून कसं दिसेल याचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात घर तापे, थंडीत काचांवर पाणी धरे आणि नदीकाठचे डास तर विचारूच नका. खर्च वाढला तो वेगळाच. मीससाहेबांनी पैशांसाठी दावा लावला, बाईंनी उलट दावा ठोकला. आणि साहेब स्वतः कुठे राहत होते? शिकागोतल्या एका जुन्या, जाड भिंतींच्या इमारतीत! हलवायानं स्वतःची मिठाई खाऊ नये, तसं काहीसं असावं.

पुढे १९७२ साली बाईंनी घर विकलं. नव्या मालकानं डासांच्या जाळ्या काढून टाकल्या आणि घर मीसच्या मनातलं होतं तसं केलं. २००३ साली लिलाव झाला, तेव्हा जतनवाल्या संस्थांनी पंचाहत्तर लाख डॉलर मोजून ते राखलं. नाही तर कुणी धनिकानं खांबासकट उचलून दुसरीकडे नेलं असतं, अशी भीती होती. ठीक. पण नदीला लिलाव कळत नाही. १९९६ च्या पुरात काचा फुटल्या, २००८ साली पुन्हा पाणी आत शिरलं. पूर आला की सबंध घर जॅकवर वर उचलायचं, अशीही एक योजना तज्ज्ञांनी मांडली. पंक्चर झालेल्या ट्रकसारखं घर! पण घर नदीपासून लांब न्यावं, तर नदी आणि घर यांचं नातंच तुटतं. जतन करणाऱ्यांची ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करवत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. अशा घरांत फिरताना सगळं कसं चकचकीत असतं. खुर्ची ठरल्या जागी, पलंगाला सुरकुती नाही. काच, पोलाद, दगड, सगळं जपलेलं. नाहीसा होतो तो राहणारा माणूस. वर्षानुवर्षं या घराच्या गोष्टीत बाई म्हणजे एक कटकटी गिऱ्हाईक, एवढीच ओळख उरली होती. वास्तविक, मूत्रपिंडाच्या विकारांतल्या त्या नावाजलेल्या डॉक्टर. उतारवयात इटलीत जाऊन त्यांनी मोंताले या कवीच्या कवितांची भाषांतरं केली. जी बाई कविता समजू शकते तिला काच समजली नसेल, हे काही पटत नाही. तिला काच समजली होती. काचेला ती समजली नाही.

उशिरा का होईना, हे ध्यानात आलं. २०२० साली बाईंच्या वेळची मांडणी घरात पुन्हा करून दाखवली गेली आणि २०२१ साली घराच्या नावात ‘एडिथ’ आलं. सत्तर वर्षांनी पाटीवर स्वतःचं नाव! आपल्याकडे हौसिंग सोसायटीत सुद्धा इतका वेळ लागत नाही.

आता एकच सूचना. सिंकखाली एक केराची टोपली ठेवा. रस्त्यावरून दिसली तरी चालेल. घर कुणासाठी बांधलं होतं, हे पाहणाऱ्याला त्या टोपलीइतकं दुसरं कुणी सांगणार नाही.