आधी परतफेड, मग वेदी

‘लेवीय’ ग्रंथाचे ४ ते ६ हे अध्याय रक्तमांसाच्या वर्णनामुळे आपण बहुधा घाईने उलटतो. आमच्या मते हा दोष ग्रंथाचा नव्हे, वाचनाचा आहे. ‘पापार्पण’ मुख्यत्वे नकळत घडलेल्या पापासाठी असे. अतिदरिद्री माणसाचे थोडे सपीठही त्यास पुरे होई. शेजाऱ्यास लुबाडणाऱ्याने मात्र मूळ ऐवज व वर पाचवा हिस्सा परत करून ‘दोषार्पणा’चा मेंढा आणावयाचा. परतफेडीआधी आणलेले दोषार्पण व्यर्थ, असा ‘मिश्ना’ या यहुदी धर्मसंहितेचा निर्वाळा आहे. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, अर्पणे थांबली. परतफेडीचे कर्तव्य मात्र उरले. येथे क्षमा विकत मिळत नव्हती. पापनिवेदनास गुडघे टेकण्यापूर्वी आपणही कुणाचे देणे थकले आहे का, हे पाहावे.